मंगलचं खुरपं

तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या शाळेत नववीला भूगोल शिकवत होते. "ताई, मंगल गेली..." एवढंच बोलला. आजार चार महिन्यांचा, कल्पना होतीच. तरी खडू हातातच राहिला.

लोकांनी मंगलला टीव्हीवर पाहिलं, नंतर रॅलीच्या गाडीत हेल्मेट घालून. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याच्या कॉलेजात, कमरेला खुरपं खोचून मैदानावर येताना. नरडाण्याकडची ही मुलगी शंभर मीटर पळायची. आमच्या मुरमाच्या मैदानावर स्टार्टिंग ब्लॉक कुठले? खुरप्यानं पाय रोवायला दोन खड्डे करायचे नि सुटायचं. रिलेत तिच्या हातून काठी मी घ्यायचे; मी कधी सुटायचं त्याची रेघही तीच मारायची. "माझा पाय या रेघेवर पडला की पळ. मागं बघू नको."

विद्यापीठाच्या स्पर्धेत घाबरून मी नजर ठेवली ती शेजारच्या लेनमधल्या रेघेवर. तिथली मुलगी आली आणि मी सुटले. मंगल अजून मागेच होती. तिनं जीव तोडून हात लांबवला, पण काठी मातीत पडली.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. खेळामुळे वसतिगृहात जागा मिळाली, म्हणूनच वडिलांनी, आबांनी, पाठवलं होतं. हरल्यावर ते म्हणाले, "झाये तुन्हं पळनं. आते घर चाल." मी पेटी घेऊन सोनगीरला परतले. दुसऱ्याच दिवशी मंगल आमच्या ओट्यावर हजर!

"आबा, काठी मन्हा हातमाईन पडनी. हिना काय दोष नही."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "जाय, लई जाय इले." मी तिच्याबरोबर कॉलेजात परतले, बी.ए. झाले ती अशी.

पुढे मांडीचा स्नायू फाटला आणि तिचं पळणं सुटलं. रडत बसली नाही. गावोगावच्या खेळांचा टीव्हीवरचा कार्यक्रम तिनं हाती घेतला. "बठ्ठा तयार शेत ना?" असं सगळ्यांना विचारूनच सुरू करायची, भाषा सुधारा म्हणणाऱ्यांना हसून वाटेला लावायची. भावाच्या जीपवर गाडी शिकलेली ही बाई चाळिशीत मोटार रॅलीत उतरली. एकदा चाक वाळूत रुतलं, तर सीटखालचं तेच खुरपं काढून तिनं वाळू उपसली, आणि शर्यत पुरी केली.

एका मुलाखतीत तिला आयुष्यातली मोठी चूक विचारली. म्हणाली, "रिलेत काठी पाडली." मी लगेच फोन लावला, "अगं, आता तरी खरं सांग!"

"गप व माय! आबा टीव्ही बघतात ना?"

तिच्या तेराव्यानंतर मीच आबांना सांगितलं, काठी माझ्यामुळे पडली होती. आबा आता ऐंशीचे आहेत. सुपारी कातरता कातरता थांबले.

"माले माहीत शे. त्या दिन मी मैदानना तारना कुंपनपाशी उभा व्हतू. तुन्हासाठे ती पोर इतली लांब खोटं बोलाले उनी... मंग मी काय बोलनार?"

तिच्या भावानं खुरपं मला आणून दिलं. मूठ गुळगुळीत झालीय, पातं झिजून निम्मं उरलंय. शाळेच्या मैदानावर रिलेच्या मुलींना मी त्यानंच रेघ मारून देते, आणि आधी सांगते, त्या दिवशी चुकीच्या रेघेवर कोण सुटलं होतं ते.