जोडव्याखालची माती

आर्णीच्या बाजूला कुणाच्या विहिरीत माणूस पडला की पहिला निरोप खेमसिंगला जायचा. तांड्यावरचा हा विहीर खोदणारा, पन्नाशी उलटलेला. ज्यानं विहिरी खोदल्या त्यानंच त्यातले मुडदेही काढावेत, असा जणू गावांनी कायदाच करून टाकला होता. त्यानंही कधी नाही म्हटलं नाही. प्रेत वर आलं की तो काठावर बसून त्याचे पाय धुवायचा आणि मग घरच्यांच्या हवाली करायचा. कुणी शिकवलं नव्हतं. चिखलाच्या पायांनी कुणाला पाठवू नये, एवढंच त्याला वाटायचं.

२००६ साली तोवर त्यानं पाच जण काढले होते. कपाशीनं घात केला होता आणि मरण इतकं स्वस्त झालं होतं की कागदावर 'आत्महत्या' लिहायला जमादाराला मेलेल्याचं तोंडही बघावं लागत नसे.

वैष्णवी सहावी. विठ्ठलराव पाटलांची सून, रजतची बायको, वय चोवीस. घरामागच्या जुन्या विहिरीत सापडली. निरोप आला तेव्हा खेमसिंग दोन कोसांवर, पाटलांच्याच दुसऱ्या शेतात नवी विहीर खोदत होता. तसाच उठून आला, उतरला, तिला दोरानं बांधून वर घेतलं.

"कपाशी गेली तवापासून गुमसुम राहे," रजत जमादाराला सांगत होता. "आठ दिवसांत घराबाहेर पाय नाही ठेवला तिनं."

खेमसिंगनं सवयीनं उजवा पाय धुतला. पाणी तांबडं वाहिलं. रक्त वाटलं, पण रक्त नव्हतं. त्यानं डावा पाय हातात घेतला. जोडव्याखाली तांबडी माती घट्ट दाबून बसली होती. नखानं कणभर काढून त्यानं चिमटीत चोळली. लोण्यासारखी मऊ. गेरू!

इकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग पाषाण. गेरूचा थर लागतो तो चाळीस फुटांवर, दोन पाषाणांच्या मधे; घरामागची जुनी विहीर तेवढी खोल नव्हती. उघड्यावर तो दिसतो फक्त नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर, आणि त्या साली आसपास असा ढिगारा एकच होता. खेमसिंगनं स्वतः उपसलेला.

त्यानं तांब्या खाली ठेवला. "जमादारसाहेब, हे बाई घराबाहेर गेलती. नव्या विहिरीवर गेलती."

"खेमसिंग," विठ्ठलराव हळूच म्हणाले, "तू माह्या कामावर हायेस."

"हावो पाटील. म्हणूनच ते माती वळखतो."

जमादारानं तोंड वाकडं करत का होईना, जोडवं मातीसकट कागदात बांधलं. पुढं नागपूरच्या प्रयोगशाळेनं कळवलं की जोडव्याची माती आणि ढिगाऱ्याची माती एकच. तिला रात्री तिथं मारून इथं आणून टाकलं, असं म्हणत पोलिसांनी रजतला अटक केली. तिच्या गळ्यावर एक वळ होता, पण त्याबद्दल डॉक्टर ठाम बोलेनात, त्यामुळं सगळा खटला त्या चिमूटभर मातीवर येऊन ठेपला. वैष्णवीची आई इंदूबाई बाभुळगावहून प्रत्येक तारखेला यायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची.

दोन वर्षांनी खेमसिंगची साक्ष झाली. रजतचा वकील गोड बोलणारा होता.

"त्या सकाळी तुम्ही कुठं होतात?"

"नव्या विहिरीत. गाळ काढून राह्यलो होतो."

"तांबडा गाळ?"

"हावो."

"तिथून निघताना हात धुतले होते?"

खेमसिंग स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. "साहेब, ते माती जोडव्याखाली दाबून बसली होती. माह्या हातानं तशी बसत नाही."

"विचारलं तेवढं सांगा. धुतले होते?"

"नाही."

"उजव्या पायाला काय होतं, ते आता कुणी तपासू शकेल?"

"नाही. धुतला तो."

"कुणी?"

"म्या."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती.

रजत सुटला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर इंदूबाई खेमसिंगसमोर येऊन उभी राहिली. त्यानं मान खाली घातली. शिव्या खायची तयारी करूनच तो आला होता.

"भाऊ," ती म्हणाली, "पाय धुतले हे बरं केलं. त्या घरात माह्या पोरीच्या पायाले पाणी कोणं लावलं असतं?"

एवढं बोलून ती बसस्टँडकडं चालू लागली. खेमसिंग तिथंच पायरीवर बसला आणि चारचौघांत हमसून हमसून रडला.