ग्राफ तुटायला नको!

बिघडलेल्या दिवसांचेच किस्से होतात. सगळं सुरळीत झालं तर माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. सांगायला उरतं काय? त्या हिशेबाने आमच्या शिक्रापूरच्या ऑफिसने मला किस्से पोत्याने दिलेत! आज हसू येतं. तेव्हा घशाखाली घास उतरत नव्हता.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माने सर मालक, फॅक्टरीतली पक्की नोकरी सोडून आलेले. संपत सर्किटं जोडायचा आणि मी ड्रायव्हर लिहायचे. ड्रायव्हर म्हणजे बाहेरून जोडलेलं यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषी प्रोग्रॅम. आमचं यंत्र होतं एक डबा. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी स्टीलची नळी, दुधाच्या टाकीत सोडायचा, डब्याची यूएसबी वायर कॉम्प्युटरला लावायची, की स्क्रीनवर तापमानाची रेघ सरकत राहायची. अखंड!

वरवंडच्या दूध शीतकरण केंद्रावर ट्रायल होती. डेअरीच्या चेअरमनांची अट एकच, दसऱ्यापर्यंत ग्राफ तुटायला नको. तुटला तर ऑर्डर नाही. ऑर्डर नाही तर दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप आणि आम्ही तिघं रस्त्यावर.

* * *

ट्रायलच्या आधी ऑफिसात दूध कुठून आणणार? संपत प्रोब चहाच्या ग्लासात बुडवून ठेवायचा. ड्रायव्हर तापमान वाचत बसायचा आणि आम्ही ते बघत बसायचो.

एक दिवस संपतने टपरीवाल्या मामांना वर बोलावलं आणि स्क्रीन दाखवला. "मामा, हे बघा. तुमचा चहा वर येईस्तोवर किती गार होतो, पुराव्यानिशी!"

मामांनी ग्राफ शांतपणे पाहिला, प्रोब बाहेर काढून ठेवला आणि ग्लास उचलला. "मंग आता कॉम्प्युटरच प्या!"

आठवडाभर आम्हाला चहा मिळाला नाही.

* * *

खालून हायवे. अवजड ट्रक गेला की टेबल थरथरायचं आणि आमच्या डब्याची सैल वायर हलायची. टिंग! कनेक्शन गेलं. टुंग! परत आलं. दर वेळी ड्रायव्हर गडबडायचा आणि स्क्रीन निळा, कॉम्प्युटर ठप्प. मग मी त्याला शिकवलं की वायर सुटली तर रुसायचं नाही, परत आली की मुकाट्याने वाचायला लागायचं. त्यात माझा अख्खा श्रावण गेला.

तेवढ्यात डेअरीचा माणूस बघायला आला. खालून ट्रक गेला. टिंग, टुंग! "हे काय वाजलं?" त्याने विचारलं.

माने सर पापणीही न हलवता म्हणाले, "ट्रक मोजतोय. ते फ्री आहे."

संपतने त्याच दिवशी नवीन सॉकेट बसवलं.

* * *

रविवारी मी दौंडला घरी जायचे. वडील रेल्वेत. त्यांनी एकदा विचारलं, "तुजं काम नक्की काय गं?"

मी म्हटलं, "समोरचा बोलतच राहतो. थांबत नाही. आपण ऐकत राहायचं. आधीचं पोचवून होईपर्यंत नवीन येतं, तेही धरून ठेवायचं. एक शब्द सांडला तरी बोंब."

आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता वडिलांकडे बोट केलं. "आन् ह्याचा पगार देत्यात व्हय तुला?"

* * *

ट्रायल सुरू झाली आणि वरवंडचा ग्राफ रोज संध्याकाळी तुटायला लागला! मी ड्रायव्हर उलटापालटा केला, चूक सापडेना. शेवटी संध्याकाळी आम्ही तिथेच जाऊन बसलो.

केंद्र सांभाळणारे आप्पा घरी निघाले. चप्पल घातली, कॉम्प्युटरला नमस्कार केला आणि बटण बंद!

"आप्पा, हे काय केलंत?" माने सर ओरडलेच.

"रिकामी मशीन चालू ठिऊन घरी जायाचं आमच्या बापानं शिकवलं न्हाई."

"रिकामी नाही हो ती! दूध राखत बसलीय."

"मंग आदी सांगायचं की! राखणदाराला कोण झोपवतंय?"

माने सरांनी मोठा श्वास सोडला. आप्पांनी चेअरमनांना फोन लावून चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि ट्रायल नव्याने सुरू झाली. त्या दिवसापासून आप्पा खोलीतली ट्यूबलाइटही चालू ठेवून जायला लागले. अंधारात राखणदाराला दिसणार कसं, म्हणून!

* * *

दसऱ्याला आमच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. मी मात्र सर आणि संपतबरोबर वरवंडला. चेअरमन सोनं द्यायला केंद्रावर येणार होते, तेव्हाच ग्राफ बघणार होते.

आत पाऊल टाकलं तर डब्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ. आदल्या दिवशीची खंडेनवमी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नव्हती! मी धावत जाऊन स्क्रीन पाहिला. रेघ तुटलेली नव्हती. पण मधेच एका ठिकाणी ती गार दुधावरून थेट आभाळात चढली होती आणि परत खाली आली होती. टाकीतलं दूध उकळलं, असंच तो ग्राफ सांगत होता.

तेवढ्यात चेअरमन आले. त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"दूध तापलं व्हतं?"

माने सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी संपतकडे.

आप्पा पुढे झाले. "दूध न्हाई साहेब. काल खंडेनवमी. ह्याची नळी भाईर काढली, आंघोळ घातली, पूजा केली, परत टाकीत सोडली. दुधाला लागणारी वस्तू, कढत पाण्यानंच धुवाय पायजे. वायर तेवढी काढली न्हाई. ग्राफ तुटायला नको म्हनले व्हते ना ह्ये!"

चेअरमनांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट हळूहळू वर नेलं, हळूहळू खाली आणलं.

"म्हंजी आंघोळीतबी हे बंद पडलं न्हाई?"

"न्हाई साहेब."

"माने, समद्या सेंटरांवर बसवा."

सर दुधाच्या कॅनवर मटकन बसले. संपतने टोपी वर उडवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

चेअरमनांचं बोट मात्र परत त्या टोकावर गेलं होतं. ते आप्पांकडे वळले.

"आवो आप्पा, आकडा बघा की हितला! एवढ्या कढत पान्यानं कुनी आंघोळ घालतं व्हय?"