माझ्या पेन्सिलीची कंबर

तारा गेल्याचा निरोप तिच्या टाकवे गावच्या दूधवाल्याने आणला, त्याला आता महिना होत आला. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की तो मनुष्य तिच्या आधी मेला, हे बरं झालं…

तो मनुष्य म्हणजे माझा मालक. दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी लोणावळ्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता. फोटोच्या निगेटिव्ह काचांवर पेन्सिल फिरवून डाग, सुरकुत्या घालवायचं काम माझं. तारा बंगल्यांवर गवताचे भारे घालायला येई. मुंबईच्या एका गिरणीला साड्यांच्या कॅलेंडरसाठी चित्र हवं होतं. मालकाने "चेहरा दिसणार नाही" असा शब्द देऊन तिला नवी साडी नेसवली आणि ओढ्यात उभं केलं. काच माझ्याकडे आली तेव्हा चेहरा स्वच्छ दिसत होता. "कंबर निम्मी कर, पोट काढून टाक, छाती भर," मालक म्हणाला. मी केलं. हूं की चूं न करता.

कॅलेंडर ताराच्या गावाजवळच्या कामशेतच्या दुकानादुकानांत लागलं. बाजारात पुरुष तिला पाहून शिट्ट्या मारू लागले. नवऱ्याने तिला दोन मुलींसकट घराबाहेर काढलं. एका सकाळी ती आली आणि ते कॅलेंडर तिने माझ्यापुढे उलगडलं.

"बाई, ही कंबर कुणाची?"

"माझ्या पेन्सिलीची," मी म्हणाले.

"दोन लेकी झाल्यात ह्या पोटातनं. ते पोट कुटं गेलं?"

मालक मुंबईला गेला होता. मी काचांच्या पेटीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. वाटलं, आपली तेवढी काच घेईल. ती म्हणाली, "माझी एकलीची न्हाई. समद्या बायांच्या काढा."

कढत पाण्यात काचेवरचा थर सुटतो, हे मीच तिला सांगितलं. अंगणात चूल पेटवली, पाण्यात सोडा घातला. ओल्या पदराच्या, उघड्या पाठीच्या बाया एकेक करून विरघळत गेल्या… कितीतरी वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

मालक दुपारच्या गाडीने उतरला. कोऱ्या काचांची चळत पाहून किंचाळला, "माझ्या बायका कुठं गेल्या?"

तारा हात पुसत म्हणाली, "आपापल्या घरी गेल्या."

तो फौजदाराकडे निघाला. समोरच्या बंगल्याच्या व्हरांड्यात माणसं जमली होती. पेटीत त्यांच्या सुनांचेही चोरून काढलेले फोटो होते, हे मी दारात उभी राहून मोठ्याने सांगितलं. मालक तिथूनच मागे फिरला. दिवाळीच्या आत त्याला लोणावळा सोडावा लागला. पुढे तो मुंबईत बेवारशासारखा मेल्याचं कळलं, तेव्हा ताराला सांगायला मी मुद्दाम टाकव्याला गेले.

"हाल झालं का?" ताराने विचारलं.

"झाले."

"लय?"

"लय."

त्या दिवशी तिने चहात गूळ सढळ हाताने घातला.

तिच्या दहाव्यानंतर थोरली लेक मला गाडीत बसवायला कामशेतला आली. बाजारात एक व्यापारी तिच्याकडे टक लावून पाहू लागला. तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून थेट त्याच्या डोळ्यांत पाहत उभी राहिली. त्याने तराजू चाचपला, मान खाली घातली. ती हलेना.

"चल गं, गाडी येईल."

"थांबा, बाई," ती नजर न हटवता म्हणाली. "आई म्हनायची, बघनाऱ्याला घाम फुटल्याबिगर हलायचं न्हाई."