बुटांतली माती

कातेनामामी आणि माझी आई नऊ वर्षं बोलत नव्हत्या. कारण एक कोंबडी; ती केव्हाच शिजून संपली होती. मामीने आयुष्यात पाद्र्यापुढेही चूक कबूल केली नव्हती. म्हणायची, "माझं चुकलं तर देवाला कळेलच की, मधे हा कशाला?" त्यामुळे ऑक्टोबरात, पाऊस उघडल्या उघडल्या, ती आमच्या दारात उभी राहिली तेव्हा आई बघतच राहिली.

"वन्सं, चुकलं माझं," मामी म्हणाली आणि लगेच निघाली. रस्त्याने नव्हे, आमच्या सुल्लाच्या रानातून. पायांत वारलेल्या मामाचे गुडघ्यापर्यंतचे बूट.

पुन्हा पाऊस, पुन्हा मामी.

सुल्ला म्हणजे आमच्या सिसिलीतल्या गुरांचा लाल फुलांचा चारा. मामीने टेकडीवरच्या नव्या रानात तो दोन वर्षं पेरला. वीतभर वाढून पिवळा पडला. उपटून पाहिलं तर मुळं कोरी, एक गाठ नाही. त्या गाठींत जिवाणू राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला भरवतात. ते ज्या मातीत नसतात तिथे जुन्या रानातली माती विरजणासारखी लावायची, ही आमची रीत. पण माती दिली की देणाऱ्याच्या रानाची बरकत जाते असंही मानतात, म्हणून मागायची सोय नाही. आणि यंदाही चारा बुडाला असता तर मामीच्या दोन्ही गायी दलालाकडे जाणार होत्या.

पाचव्या माफीला आईने दार अडवलं.

"वहिनी, ऊन असताना पश्चात्ताप होत नाही का गं तुला?"

मामीने चिखलाचे बूट मागे ओढले.

"माझ्या भावाच्या बुटांना एका खेपेत किती चिकटते?"

"चिखल चांगला असला तर दोन ओंजळी."

"आणि रान केवढं?"

"अर्धा हेक्टर."

"म्हणजे पुढच्या नाताळपर्यंत तू माफी मागणार. कान किटले माझे."

"माती मागितली असती तर दिली असतीत?"

"नसती दिली. आत्ताही देत नाहीये." आईने पदरबिदर नसताना उगाच एप्रन खोचला. "मी चुलीवरचं रिकोटा चीज ढवळायला आत चाललेय, अर्धा तास लागेल. फावडं गोठ्यामागे आहे. चोरीला गेलेल्या मातीनं बरकत जाते असं काही कुणी सांगितलेलं नाही. आणि बांधावरची उकरू नकोस, मधली चांगली आहे."

एप्रिलमध्ये मामीने मला टेकडीवर नेलं. कमरेएवढ्या सुल्लातलं एक रोप उपटलं. मुळांवर तांदळाएवढ्या गाठीच गाठी. तिने एक नखाने फोडली, आत गुलाबी.

"कामाला लागलेत मेले," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात दलाल आला. मामीने त्याला कॉफी पाजली, गायी दाखवल्या नाहीत.