मनकवड्याची डाळिंबं

मंगळवार पेठेत जयपाल मगदूमचं फ्लेक्सचं दुकान आहे. 'भावी नगरसेवक' हे शब्द त्यानं इतक्या जणांच्या फोटोखाली छापलेत की ते सगळे एकदम निवडून आले तर महापालिकेत उभं राहायला जागा उरायची नाही. हे झालं पोटापाण्याचं. खरं काम निराळं, आणि त्याला कुत्रं विचारत नव्हतं. जयपाल सुपरहिरोचं कॉमिक्स काढायचा.

कॉमिक्सचं नाव 'मनकवडा'. त्यातला इतिहास शाळेत शिकवतात तो नव्हे. १९२८ साली हातकणंगले स्टेशनवरच्या पिराजी नावाच्या हमालावर वीज पडते, आणि उठून बसतो तेव्हा त्याला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू यायला लागतं. झालं, तिथनं देशाची गाडी वेगळ्याच रुळावर. गोऱ्या साहेबाच्या मनातलं पिराजी आधीच सांगून टाकतो, म्हणून स्वातंत्र्य बारा वर्षं लवकर येतं. पण खरी पंचाईत होते ती धर्माच्या गाद्यांवर बसलेल्यांची. कुणी म्हणालं, 'काल देवानं मला दृष्टान्त दिला,' की मागून पिराजी ओरडतो, "काय सुदिक दिला न्हाय! जेवून घोरत पडलाता ह्यो!" मग सगळ्या धर्मांच्या सगळ्या दारांवर एकच पाटी लागते: 'मनकवड्यास प्रवेश नाही.' पुढं लोकच पाटी काढतात, पिराजीलाच गादीवर बसवतात, आणि त्याच्याकडून खऱ्या श्रद्धेचे दाखले न्यायला लागतात, सहीशिक्क्यानिशी.

अकरा वर्षांत पाच अंक निघाले, आणि खपल्या त्रेचाळीस प्रती. जयपालच सांगायचा, "माझे सगळे वाचक मला नावानं ठाऊक हायत. निम्मे तर मेहुणेच हायत."

सहावा अंक दोन वर्षं एका पानावर अडकला होता. त्याचं कारण जयपालच्या जैन समाजातल्या एका रिवाजात आहे. दिगंबर मुनी दिवसातनं एकदाच आहार घेतात, पाणीसुद्धा तेव्हाच. निघताना मनाशी एक नियम धरतात: दारात अमुक दिसलं तरच थांबायचं. तो कुणाला सांगायचा नाही. श्रावक आपापल्या दारात कळस, नारळ, फळं घेऊन उभे राहतात, 'नमोस्तु स्वामी, तिष्ठ, तिष्ठ' म्हणून विनवतात. नियम जुळला तर महाराज थांबतात, नाहीतर पुढं. सहाव्या अंकात अंबूबाई नावाची एक म्हातारी रोज दारात उभी राहते आणि महाराज रोज पुढं जातात. पिराजीला तिची दया येते. तो महाराजांच्या मनातला नियम ऐकतो आणि म्हातारीला सांगतो. महाराज तिच्या दारात थांबतात. पुढं काय? जयपालला सुचत नव्हतं. शेवटच्या चौकटीत पिराजी तोंड उघडं टाकून उभा होता, आणि त्याच्या डोक्यावरचा फुगा दोन वर्षं कोरा होता.

आता जयपालची बायको त्रिशला. तिच्या मनात काय आहे हे ओळखायला मनकवडा लागत नव्हता, ती तोंडानंच सांगत होती. लग्नाला वीस वर्षं झाली. जे जे महाराज पेठेत आले त्यांच्यासाठी ती दारात उभी राहिली, आणि एकही थांबले नाहीत. जयसिंगपूरच्या तिच्या जावेच्या घरी तीनदा आहार झाला होता, आणि जाऊबाई ते दर लग्नात सांगायच्या. पण जावेचं सोडा. एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचा घास महाराजांच्या ओंजळीत पडावा, एवढीच त्रिशलाची आस होती, आणि ती खरी होती.

यंदा माघात एक महाराज बारा दिवसांसाठी बस्तीत, म्हणजे जैन देवळात, उतरले. आठव्या दिवशीही ते दारावरून पुढं गेले तेव्हा त्रिशला कळस खाली ठेवून म्हणाली, "ह्ये सगळं तुमच्या त्या पिराजीमुळं. घरात धर्माची चेष्टा काढून ठेवल्यावर म्हाराज कशाला थांबत्यात?"

जयपालला ते लागलं. चेष्टा तर त्यानं कधीच केली नव्हती. देव खरा आहे का, आणि असला तर त्याच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाचा, एवढंच त्याला विचारायचं होतं. पण हे बायकोला समजावायचं धाडस पिराजीच्या अंगात असेल, जयपालच्या नव्हतं. त्यानं दुसराच उद्योग केला.

बस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज आहाराचा फोटो यायचा. जयपालनं सगळे फोटो दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर ताणून बघितले. कुणाच्या हातात काय, तिथी कुठली, बाई डावीकडं की उजवीकडं, सगळ्याचा तक्ता केला. अकराव्या दिवशी त्याला सापडलं! विषम तिथीला पुरुषाच्या हातात नारळ, सम तिथीला बाईच्या हातात कळस आणि पुरुषाच्या हातात दोन फळं, तीही लाल. खुर्चीतनं उठून त्यानं स्वतःलाच टाळी दिली. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात, पण इथं गाढवाला वाटलं गुऱ्हाळच आपलं.

बाराव्या दिवशी तिथी सम होती. जयपालनं अंघोळ करून सोवळं नेसलं, अंगावर उपरणं घेतलं आणि दोन लालबुंद डाळिंबं घेऊन बायकोशेजारी उभा राहिला. "आज डाळिंबं?" त्रिशलानं विचारलं. "आसूदे की," तो म्हणाला.

महाराज आले. गल्लीभर 'तिष्ठ, तिष्ठ' सुरू झालं. आणि मगदूमांच्या दारासमोर महाराजांचे पाय थांबले.

नवराबायकोनं तीन प्रदक्षिणा घातल्या, महाराजांना घरात नेलं, पाय धुतले, पूजा केली. दारात गर्दी लोटली, त्यात बस्तीचे अध्यक्ष सम्मेद चौगुलेही होते. त्रिशलाच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि जयपालला वाटलं, आपण केवढं मोठं काम केलं!

आता आहाराच्या आधी एवढंच पुन्हा एकदा म्हणायचं राहिलं होतं: 'मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध आहे, महाराज.' गल्लीत गलबल्यात जयपालनं ते एकदा उरकलं होतं. पण इथं महाराज दोन हातांच्या अंतरावर उभे होते, आणि त्याच्याकडंच बघत होते.

"मन..." जयपाल म्हणाला आणि थांबला.

त्रिशलानं कोपरानं ढोसलं. त्यानं घसा साफ केला. "वचन शुद्ध, काया शुद्ध..."

"मन ऱ्हायलं," दारातनं सम्मेद चौगुले म्हणाले.

'मन शुद्ध' म्हणून टाकणं काय अवघड होतं? राज्यातली निम्मी माणसं रोज खोटं बोलून जेवतात. पण ह्या शहाण्यानं पाच अंकभर दुसऱ्यांचं खोटं चव्हाट्यावर मांडलं होतं, आता स्वतःचं गिळवेना. "महाराज," तो म्हणाला, "मन शुद्ध न्हाय. तुमचा नियम मी फोटो बघून हुडकला आणि तुम्हाला फसवून आणलं."

महाराजांनी जोडलेली ओंजळ सोडली. ते वळले आणि बस्तीकडं चालू लागले. ओंजळ एकदा सुटली की त्या दिवसाचा आहार संपला, पाणीही संपलं. त्रिशलाच्या हातातला दुधाचा चमचा तसाच राहिला.

गल्लीनं जयपालचा जो उद्धार केला तो इथं सांगण्यासारखा नाही.

दुपारी महाराजांचा विहार होता, म्हणजे ते पुढच्या गावी निघाले, हातकणंगल्याच्या दिशेनं, पायी, उपाशी. शिवेपर्यंत सगळा समाज सोबत होता. तिथं जयपालनं रस्त्यातच लोटांगण घातलं आणि सगळं ओकला: तक्ता, फोटो, सम-विषम, वर पिराजीसुद्धा.

महाराज हसले. "डाळिंबं? आमच्या नियमात फळ नव्हतंच. बारा दिवसांत एकदाही नव्हतं."

"मग आज, महाराज...?"

"आजचा नियम तुमच्या दारात पुरा झाला होता. तुम्ही काहीही न करता."

काय होता तो नियम? जयपालच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण विचारायला तोंड कुठं उरलं होतं? महाराजांनी हातातली मोरपिसांची पिंछी उचलून दोघांना आशीर्वाद दिला आणि ते चालू लागले. त्रिशला मागंच उभी होती. तिनं अक्षर न अक्षर ऐकलं होतं.

ती जयपालकडं वळली. मग सकाळपासनं पहिल्यांदा बोलली.

"खरं बोललासा, चांगलं केलासा. पर त्येच्या आधी शाणपणा केला नसतासा, तर माझा घास पडला असता की हो."

आणि ती भर रस्त्यात हमसून हमसून रडली. जयपालनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. पदरानं डोळे पुसून ती महाराजांच्या मागं अनवाणी चालायला लागली, आणि जयपाल तिच्या मागं, चार पावलं सोडून.