पिवळे पाखरू आणि सखुबाईची नजर

परवा एका शेतकी व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला आला... ‘नवे तंत्र! खोडकिडा टाळण्यासाठी धानाच्या रोपांचे शेंडे खुडूनच रोवणी करा.’ ‘नवे’ हा शब्द वाचला आणि माझे डोके तापले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी भंडाऱ्याला बी.कॉम. करत होतो. रोवणीच्या दिवसांत सिहोऱ्याजवळच्या आमच्या शेतावर गेलो होतो. मजूर बायकांमधली सखुबाई रोपांच्या प्रत्येक पेंडीचे (जुडीचे) शेंडे मुरगळून बाजूला टाकत होती. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, तिच्यावर खेकसले, “रोप भुंडं काहून करून राहिली वं? रोव चुपचाप!”

मी बांधावरच उभा होतो... काही बोललो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आलो, तर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जागोजागी पांढऱ्याफटक, पोचट लोंब्या. मोठेबाबांनी गावभर सांगितले की सखुबाईची नजर लागली. कापणीला तिला कोणी बोलावेना. त्या एकट्या बाईचे वर्षाचे धान कापणीच्या मजुरीवरच अवलंबून होते!

ती मला बांधावर भेटली. “माही नजर येवढी बारीक हाये का बापू, देठात भोक पाडून आत शिराले?” असे म्हणत तिने एक देठ उभा चिरला. आत अळी होती.

मग तिने पानावर बसलेले पाखरू दाखवले... बोटाच्या पेराहून लहान, पिवळे, पुढच्या प्रत्येक पंखावर एकच काळा ठिपका. “हे मादी. पानाच्या शेंड्यावर अंडे घालते. म्हनून खुडतो आमी शेंडे.”

पुढे वाचनात आले की हे पाखरू भारतभर आणि पूर्वेकडे थेट जपानपर्यंत आढळते. म्हणजे सखुबाईची नजर जपानपर्यंत पोहोचत असली पाहिजे!

तो चिरलेला देठ मी मोठेबाबांसमोर ठेवला. आतली अळी पाहून ते म्हणाले, “बरं, येऊ दे तिले कापणीले.” ‘चुकलो’ हा एक शब्द नाही. मोठेबाबांनी माघार घेतल्यावर गावही तिला बोलावू लागले. सखुबाई कापणीला गेली... शेजाऱ्यांच्या बांधीत. आमच्या बांधीत तिने पुन्हा पाय ठेवला नाही. पुढच्या रोवणीला मोठेबाबा स्वतःच बायकांना शेंडे खुडायला लावत होते, स्वतःची युक्ती असल्यासारखे.

परवा त्या सल्ल्याखाली मी सखुबाईचे नाव लिहिले. ॲडमिनने ते काढून टाकले आणि मला बजावले, ‘कृपया विषयाला धरून लिहा.’

म्हणून इथे लिहितो आहे. बांधावर एकदा गप्प राहिलो, तेवढे पुरे. आणि विषय हाच आहे.