उबेची खोली

माझ्या मावशीला सगळी गल्ली पिल्लूमावशी म्हणायची. कोंबडीची आणि बदकाची पिल्लं हवी असली, की लोक तिच्याकडे यायचे. घरची अंडीही उबवायला तिलाच आणून द्यायचे. कुणाची कोंबडी खुडूक बसायचं नाव घेत नसायची, कुणाची बदकं अंडी घालून वर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसायची. मग टोपली थेट मावशीच्या दारात यायची.

उबवणीचं यंत्र काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतः बनवलं होतं. काका सुतार. घरात कपड्यांचं एकच कपाट होतं. त्यातले कप्पे काढून त्यांनी जाळीचे ट्रे बसवले, आत बल्ब लावले, तळाशी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं आणि दाराला छोटी काच लावली. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमचे कपडे खुंटीवर आणि कोंबड्या कपाटात. संसार कसा करायचा ते आम्हाला विचारा."

बदकाच्या अंड्यांना कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त लागतो. म्हणून ती आधी बदकाची अंडी लावायची, नंतर कोंबडीची, म्हणजे सगळी एकदम फुटायची. अंडं दिव्यासमोर धरलं की आतल्या लाल शिरा दिसायच्या. ज्यात काहीच दिसत नसे ते ती मुकाट्याने बाजूला काढायची. जी उशीर लावत त्यांना दटावायची, "काय रे, आमंत्रण पाठवू का?" तेवढं ऐकून काका रंधा मारता मारता हसायचे.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मावशीने त्यांची खाट उबवणीच्या खोलीत टाकली. घरातली तीच खोली सगळ्यात ऊबदार होती. पहिले काही महिने ते नुसते भिंतीकडे बघत पडून असायचे. बायकोने तोंड पुसायचं, बायकोने कुशीवर वळवायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. इतकी वर्षं हात सतत कामात असलेला माणूस.

एक दिवस मावशीने त्यांना खुर्चीत बसवलं, खुर्ची कपाटापुढे ओढली आणि म्हणाली, "अहो, माझी कंबर धरलीय. आज अंडी तुम्ही फिरवा." अंडी रोज फिरवावी लागतात, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. तिने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली केली होती, दुसऱ्या बाजूला गोल. काकांनी डावा हात लावला. एक अंडं वळवलं, मग दुसरं. सगळा ट्रे संपायला बराच वेळ लागला, पण मावशी मध्ये पडली नाही. कंबर वगैरे काही धरलेली नव्हती, हे मला तिने नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून ते काम त्यांचंच झालं. दार उघडून तळहात आत धरायचा, ऊब कमी वाटली तर बल्बाकडे बोट दाखवायचं, बदकाच्या अंड्यांवर पाणी शिंपडायचं. हळूहळू एखाददुसरा शब्दही फुटू लागला. पिल्लं बाहेर यायच्या आदल्या दिवशी ती कवचाच्या आतूनच चिवचिवतात. काका काचेला कान लावून बसायचे आणि मावशीला हाक मारायचे, "ये. ऐक." मावशी हातातलं काम टाकून जायची. दोघं शेजारी शेजारी कान लावून बसलेली मी किती वेळा पाहिलीत.

असाच एक आदला दिवस होता. सकाळपासून कपाटातून आवाज येत होता आणि दारात सरकारी गाडी थांबली. जवळच्या एका मोठ्या शेडमध्ये पक्ष्यांचा रोग आला होता. आसपासच्या सगळ्या कोंबड्या, बदकं आणि अंडी नष्ट करायचा हुकूम होता. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. मावशीच्या अंगणातला एकही पक्षी आजारी नव्हता. ते डॉक्टरणीलाही दिसत होतं.

"उद्यापर्यंत थांबा," मावशी म्हणाली. "आवाज येतोय बघा. चोची मारायला लागलीत."

"मावशी, थांबता आलं असतं तर थांबले असते हो."

आधी अंगणातले पक्षी गेले. मग माणसं आतल्या खोलीकडे वळली. काका कपाटापुढे खुर्चीत बसले होते. डाव्या हाताने त्यांनी दाराची कडी धरून ठेवली होती. पांढऱ्या पोशाखातला माणूस पुढे झाला, तेव्हा मावशीने त्याला अडवलं. "त्यांना हात लावू नका. मी बघते."

ती काकांपुढे खाली बसली. "अहो, सोडा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग तिने त्यांचं एकेक बोट कडीवरून सोडवलं. मी दारात उभी होते. त्यांच्या एकाच हातात सगळी ताकद उतरली होती, आणि तिला ती पकड सोडवायला आपले दोन्ही हात लावावे लागले.

डॉक्टरीण म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. बघवणार नाही."

"ट्रे मीच नेते," मावशी म्हणाली. "तुमची माणसं विटांसारखे उचलतील."

मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला होता. मावशी एकेक ट्रे घेऊन गेली.

त्यानंतर काकांनी मावशीच्या हातून घास घेणं सोडलं. ती चमचा पुढे करायची आणि ते ओठ घट्ट मिटायचे. कामावर जाता-येता मी किंवा आई त्यांना भरवायचो. ते जेवून होईपर्यंत मावशी दाराआड उभी राहायची, मग ताट उचलायला आत यायची. खोलीत औषध फवारलेलं होतं, कपाट रिकामं होतं. बोलणं पुन्हा बंद झालं होतं.

एका दुपारी त्यांची पाठ पुसता पुसता तिचा बांध फुटला. "तुम्हाला काय वाटतं, मला हौस होती? मी नेली नसती तर त्यांनी नेली असती. उलटी केली असती खड्ड्यात."

काका बराच वेळ शब्द शोधत होते.

"टाकली नाहीस," ते म्हणाले.

"काय?"

"ठेवलीस." त्यांनी मान खिडकीकडे वळवली. तिथून मागची जागा दिसत होती. "वाकून... ठेवलीस."

त्या संध्याकाळी त्यांनी तिच्या हातून जेवण घेतलं. फार नाही, चार घास. पुढे त्यांची तब्येत ढासळतच गेली. हिवाळा संपायच्या आत, त्याच खोलीत, दुपारच्या झोपेत ते गेले.

पुढे पक्षी पाळण्यावरची बंदी उठली. शेजारणीने बदकाची अंडी आणून दिली, तेव्हा मावशी नको म्हणाली नाही. तिने कपाट धुतलं, बल्ब बदलले, अंडी लावली. पण आतली ऊब तिला कधी नीट साधली नाही. कधी जास्त व्हायची, कधी कमी. दिवस भरले तरी एकही अंडं फुटलं नाही. शेवटी तिने एक फोडून पाहिलं. आत पिल्लू पूर्ण तयार होतं, पिसांसकट, पण जिवंत नव्हतं. तिने बटण बंद केलं.

आता ती शिवणाच्या दुकानात बटणं लावायला जाते. कुणी पिल्लं विचारली तर दुसऱ्याचा पत्ता देते. झोपते मात्र त्याच खोलीत. बल्ब बंद असल्यामुळे ती खोली आता घरात सगळ्यात गार असते. मी म्हणते, पुढच्या खोलीत झोपत जा, तिथे ऊन येतं.

"बरं, बघू," ती म्हणते, आणि अंथरूण तिथेच घालते.